टेम्पोच्या पोटाखाली

पुण्यात घर बदलायचं ठरलं की आपण ‘टेम्पो सांगतो’. मग गाडी कुठल्याही कंपनीची येवो, तिला फाळका असला की तो टेम्पोच. खरं तर हे हँबुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. त्यांचं तीनचाकी इथे बनवायला नवलमल फिरोदियांनी १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ काढली आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून ‘मॅटाडोर’ नावाची चारचाकी रस्त्यावर आली. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव ‘फोर्स मोटर्स’ केलं. लोकांच्या तोंडातला टेम्पो मात्र तसाच राहिला.

आमचं बिऱ्हाड सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोथरूडला हललं ते मॅटाडोरमधून. लोखंडी कपाट चढवताना मोठा हमाल म्हणाला होता, “ट्रक असता तर अजून दोन माणसं लागली असती.” तेव्हा ते हमालीचे पैसे वाढवण्यासाठी टाकलेलं वाक्य वाटलं. पण त्यात विज्ञान होतं: ट्रकचा तळ मॅटाडोरच्या तळापेक्षा बराच उंच असतो.

शंभर किलोचं कपाट अर्धा मीटर जास्त उचलायला लागते सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा. एका शेंगदाण्यात याच्या कितीतरी पट असते! पण कंबर ज्यूल मोजत नाही. गुडघ्याच्या उंचीला कपाट नुसतं टेकवून ढकलता येतं. तेच छातीपर्यंत न्यायचं तर मध्येच हाताची पकड बदलावी लागते, आणि त्या क्षणी सगळा भार पाठीच्या मणक्यांवर येतो. म्हणून मालाच्या गाडीत तळ किती खाली आहे याला फार महत्त्व.

तळ खाली आणायला अडचण कुठे येते? इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असेल, तर इंजिनाचा जोर मागे नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) आणि तो जोर चाकांकडे वळवणारं दातेरी चाक (क्राउन) तळाखालूनच न्यावे लागतात. त्यांना जागा द्यायची म्हणजे तळ वर घ्यायचा. मॅटाडोरच्या जर्मन पूर्वजांनी इंजिन, गिअर, ओढ असं सगळंच पुढच्या चाकांपाशी आटपलं. मागे उरला नुसता खोका, आणि त्याच्या पोटाखाली रिकामी जागा.

याची किंमत चढावर मोजावी लागते. गच्च भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम नेमकं त्यांच्याकडेच असतं. पावसात चाक जागेवर गरगर फिरतं आणि क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावतो.

याच खोक्याला खिडक्या पाडून बाकडी टाकली की झाली प्रवासी गाडी, असं वाटतं. तसं होत नाही. बंद पत्र्याची बाजू ही नुसती भिंत नसते, वळणावर गाडी पिळवटू नये म्हणून तीही ताण घेत असते. खिडकी कापली की तिथला जोर गेला, मग खांब जाड करावे लागतात. दुसरी भानगड पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची. पाटे मालाच्या वजनाला साजेसे कडक असतात. मागच्या धुरेवर दीड टन असताना ते संथ हलतात. तिथेच सहाशे किलो आले तर हेलकाव्यांचा वेग साधारण दीडपटीहून जास्त होतो. माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे सगळ्यात जास्त जाचतात, आणि रिकाम्या गाडीचे हादरे त्या बाजूला सरकत जातात. अर्ध्या भरलेल्या शाळेच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसलेल्यांना हे गणित वेगळं शिकवावं लागत नाही.

आता त्या पोटाखालच्या जागेकडे येऊ. आपल्या मॅटाडोरचं जर्मन भावंड पुढे डाइम्लर-बेंझकडे गेलं, आणि १९७२ मध्ये त्यांनी त्याची विजेवर चालणारी आवृत्ती काढली, ‘एलई ३०६’. शिशाची बॅटरी तळाखाली बसवलेली. उतरली की बाजूने सरकवून बाहेर काढायची आणि भरलेली आत ढकलायची. बॅटरी बदलण्याची आज नवी म्हणून गाजणारी कल्पना पन्नास वर्षांपूर्वी अशी धावत होती! बॅटरीत वीज मावायची २२ युनिट आणि तिचं वजन होतं ८६० किलो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे ८६० किलो शिसं वाहून न्यायचं ते दोन-सव्वादोन लिटर डिझेलइतक्या ऊर्जेसाठी. डिझेल इंजिन शहरात त्यातली पाऊण ऊर्जा उष्णतेत उधळतं, हे धरलं तरी तो सौदा नऊ लिटरांच्या पुढे जात नाही.

२०२२ मध्ये छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा विजेवरचा अवतार आला. त्याची बॅटरी २१.३ युनिटची, जवळपास तेवढीच! फरक पडला तो वजनात. लिथियमच्या बॅटरीला तेवढ्याच विजेसाठी शिशाच्या काही अंशच वजन लागतं, त्यामुळे गाडी ६०० किलो माल घेते आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर आहे. प्रमाणित म्हणजे चाचणीतला. पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावरचा नव्हे.

पण लक्ष्मी रस्ता विजेच्या गाडीला वाटतो तितका वाईटही नाही. दीड टनाची गाडी ताशी ४० वरून थांबवली की दर वेळी ०.०२६ युनिट ऊर्जा मोकळी होते. दिवसात शंभर वेळा थांबलात की अडीच युनिट. डिझेलच्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. विजेच्या गाडीत मोटर उलटं काम करून तिचा बराच भाग बॅटरीत परत टाकते.

घाटात तर आणखी गंमत. समजा सासवडहून सीताफळं भरून एक गाडी दिवे घाट उतरून मार्केट यार्डात येते आणि रिकामी परत जाते. भरलेली १८०० किलो, रिकामी १२०० किलो, उतार २०० मीटर धरू. उतरताना जवळपास एक युनिट मोकळं होतं. त्यातलं साठ टक्के हाती लागलं तरी ०.६ युनिट. रिकामी गाडी तेवढंच वर चढवायला लागतं ०.६५ युनिट, मोटरची घट धरली तर थोडं जास्त. घाटापुरता बहुतेक खर्च सीताफळांनीच भरून दिला! हाच माल पुण्याहून सासवडला चढवायचा असता तर हिशेब उलटा बसला असता. आणि घाट उतरल्यामुळे डिझेलच्या टाकीतला काटा वर सरकलेला काही कुणी पाहिलेला नाही.