बायपासमध्ये हृदय थांबवण्याचा इतिहास: सगळा खेळ मात्रेचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याला जाऊन बायपास करून आलेल्यांच्या फायलीत ‘क्रॉस क्लॅम्प टाइम’ आणि ‘कार्डिओप्लेजिया’ अशा नोंदी सापडतात. महारोहिणीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला) क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लागला की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. तेवढा वेळ स्नायू तगवायचे काम कार्डिओप्लेजियाचे, म्हणजे हृदय थांबवणाऱ्या द्रावणाचे.

१९५५ मध्ये लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवले. पण द्रावण फार दाट होते. स्नायूचे भाग मेलेले आढळू लागले आणि काही वर्षांतच पद्धत मागे पडली. मग नुसता थंडावा, किंवा क्लॅम्प थोडा वेळ लावायचा नि सोडायचा, यावर भागवले गेले. १९६७ मध्ये सर्जन रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास सुरू केले. १९७२ मध्ये सर्जन डेंटन कूली यांनी ‘स्टोन हार्ट’चे वर्णन केले: ऊर्जा संपून आखडलेले, पुन्हा सुरूच न होणारे हृदय.

१९७३ मध्ये गे आणि एबर्ट यांनी पोटॅशियम बरेच कमी करून तेच तंत्र परत आणले. पाठोपाठ लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचे द्रावण आले: लिटरमागे पोटॅशियम १६ ते २० आणि मॅग्नेशियम १६ मिलिमोल, सोबत थोडे प्रोकेन हे बधिर करणारे औषध.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बर्फाचा गुण कुणाला शिकवायला नको, पण इथे ऑक्सिजनची मोठी बचत बर्फाने नाही, हृदय थांबल्याने होते. १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला लागणारा ऑक्सिजन, हृदय रिकामे धडधडत असताना साधारण ५.५ मिलि, थांबले की शरीराच्याच तापमानाला १.१, २२ अंशांवर ०.३. छातीत बर्फाचा चुरा जास्त टाकला तर डावी फ्रेनिक नस गारठून श्वासपटल लुळे पडू शकते, ते वेगळेच.

बायपासची खरी अडचण द्रावण पोचवण्याची. महारोहिणीच्या मुळातून दिलेले द्रावण ब्लॉकेजपलीकडे नीट जात नाही. म्हणून कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या स्नायूतले रक्त गोळा करणाऱ्या मोठ्या शिरेतून) उलट्या दिशेने देतात, दाब पाऱ्याच्या ४० मिमीच्या आत ठेवून. जास्त झाला तर शीर फाटते. तरी उजवा कप्पा उपाशी राहतो, कारण त्याच्या बऱ्याच शिरा सायनसला मिळतच नाहीत. त्यावर सोपी तोड: उजव्या धमनीची ग्राफ्ट (बायपासची नवी नळी) आधी जोडून तिच्यातूनच डोस सोडायचा.

१९७० च्या दशकाअखेरीस बकबर्ग यांच्या गटाने रक्तच वाहक केले. चार भाग रक्त, एक भाग द्रावण, दर २० मिनिटांनी. पिट्सबर्गमध्ये लहान मुलांसाठी निघालेल्या डेल निडो द्रावणात प्रमाण उलटे, शिवाय लिडोकेन हे बधिर करणारे औषध. किलोमागे २० मिलि, कमाल एक लिटर. एका डोसवर तासाहून अधिक वेळ मिळतो. मोठ्यांच्या बायपासलाही ते आता वापरतात. मात्र ब्लॉकेज दाट असतील तर तो एकच डोस कुठवर पोचला, हे पाहावेच लागते.