भावकीच्या जागी मैत्री : मंडळीतील जिवाभावाच्या सल्ल्याची पार्श्वभूमी

कोल्हापूर भागात घरी लग्न असो, मयत असो किंवा बांधावरून वाद असो, माणूस आधी भावकीकडे पाहतो. एकोणिसाव्या शतकात येथे जो ख्रिस्ती झाला, त्याच्यासाठी हे दार बहुधा बंद झाले. पंगत तुटली, सोयरीक थांबली आणि अडचणीच्या वेळी सल्ला कोणाला विचारायचा हा प्रश्न त्याच्यापुढे रोजचा होऊन बसला. विश्वासू मैत्रीकडे आज मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासक समाजात, एक सद्गुण म्हणून पाहिले जाते. आपल्याकडे ती सद्गुण होण्याआधी गरज होती, असे मला वाटते. ज्या वचनांच्या आधारे ती गरज भागवली गेली, ती वचनेसुद्धा मुळात नात्यागोत्यांच्या समाजातच जन्मली होती.

बायबलातील नीतिसूत्रे या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय ज्या संग्रहात येतो, तो यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतला, असे पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी नोंदवले आहे. हिज्कीयाचा काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरचा. या अध्यायातील नववे वचन तेल व सुगंधी द्रव्यांनी मन प्रसन्न होते असे सांगून त्याच्याशेजारी मित्राच्या सल्ल्याचा गोडवा ठेवते. मूळ हिब्रूत त्या सल्ल्याला ‘नेफेश’ हा शब्द जोडलेला आहे आणि नेफेश म्हणजे जीव, प्राण. तेव्हा मराठीत ‘जिवापासून दिलेला सल्ला’ म्हटले की आपण मुळाच्या फार जवळ असतो. या ओळीचे हिब्रू अवघड आहे, हेही सांगितले पाहिजे. प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे मित्राचा उल्लेखच नाही, संकटांनी जीव विदीर्ण होतो असा अर्थ आहे. पुढचे दहावे वचन मात्र लख्ख आहे : आपल्या मित्राला आणि आपल्या बापाच्या मित्राला सोडू नको, विपत्तीच्या दिवशी भावाच्या घरी जाऊ नको, दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा. भावकीवर उभ्या असलेल्या समाजात हे बोलणे धाडसाचे होते. येथे मित्रासाठी आलेला ‘रेआ’ हा शब्दच ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ या आज्ञेतही आहे, त्यामुळे मित्र आणि शेजारी यांच्यात त्या भाषेने फारसे अंतर ठेवलेले नाही.

या सूत्रांच्या मागे घडलेल्या गोष्टी आहेत. योनाथान इस्राएलचा राजा शौल याचा मुलगा, म्हणजे गादीचा वारस. तरीही त्याने पुढे राजा झालेल्या दावीदाशी करार केला, आणि दावीद जीफच्या रानात लपलेला असताना तो तेथे जाऊन देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करून आला. बळ देणारी मैत्री ती हीच. नाथान संदेष्ट्याने मात्र पापात पडलेल्या दावीदाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजा संतापल्यावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे तोंडावर सांगितले. नीतिसूत्रांच्या त्याच सत्ताविसाव्या अध्यायातील सहावे वचन मित्राने केलेल्या घावांना विश्वासू म्हणते. त्याचा अर्थ नाथानाकडे पाहिले की कळतो. उलट उदाहरण दावीदाच्या नातवाचे आहे. रहबामाने आपल्या बापापुढे उभे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला, बरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले आणि इस्राएलचे दहा वंश गमावले. त्याच्याजवळ सोबती पुष्कळ होते, पण हिताचे कटू बोलणारा त्यांच्यात कोणी निघाला नाही.

नव्या करारात या सगळ्याला वेगळे वजन येते, कारण शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू शिष्यांना सांगतो की आता तो त्यांना दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. आणि पित्याकडून जे ऐकले ते सर्व त्यांना कळवले, हे त्याचे कारण देतो. मोकळेपणाने सांगणे हीच त्या मैत्रीची खूण ठरली. यरुशलेमातले शिष्य शौलाला (हा राजा शौल नव्हे, पूर्वी शिष्यांचा छळ करणारा) भीत होते तेव्हा बर्णबाने त्याला जवळ घेऊन प्रेषितांकडे नेले. तोच शौल, म्हणजे पौल, पुढे अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर दोष देतो. ती मंडळी त्या वादानंतरही टिकली.

मधल्या शतकांतील एकच नाव येथे घेतो, कारण या विषयावर त्याच्याइतका नेमका विचार क्वचितच कोणी केला. इंग्लंडातील रिव्हो मठाचा बाराव्या शतकातील अधिपती एल्रेड याने रोमन विचारवंत सिसेरोचे मैत्रीविषयीचे विचार घेऊन त्यांना ख्रिस्ती आशय दिला. मी आणि तू येथे आहोत, आणि आपल्यामध्ये तिसरा ख्रिस्त आहे, अशा भावनेने त्याचा संवाद सुरू होतो. मित्र निवडताना निष्ठा, हेतू, विवेक आणि सहनशीलता पारखून घ्यावीत, असे तो सांगतो. पुढे ब्रिस्टलमध्ये १७४२ साली मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अनुयायांनी प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी बाराबारांचे गट केले. दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायला घरोघरी जाणाऱ्या प्रमुखाला माणसांच्या अडचणी कळू लागल्या आणि वर्गणीच्या कामातून सल्ल्याची व्यवस्था उभी राहिली.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. काशीला वाढलेले नीलकंठशास्त्री, म्हणजेच १८४८ साली ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाने रमाबाईंच्या शंका फिटण्यास मोठी मदत झाली, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठातील सिस्टर जेरल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला, तो वाचताना मन दबून जाते : एक बाई मातृवत काळजीने आज्ञा करते, दुसरी तितक्याच प्रेमाने सांगते की आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकणार नाही. सल्ला देणाऱ्याच्या वाट्याला ऐकून घेण्याचाही भाग असतो, हे या पत्रांतून जितके कळते तितके प्रवचनांतून कळत नाही. याच रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ साली आले. काही वर्षांनी अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने या कामातून अंग काढून घेतले, तरी वायल्डर १८६१ साली परत आले आणि प्रेस्बिटेरियन बोर्डाने १८७० साली हे काम हाती घेईपर्यंत स्वतंत्रपणे राबत राहिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना तो आणि त्याची बहीण ग्रेस मिळून प्रार्थना करीत, आणि १८८६ साली माउंट हर्मन येथील मेळाव्यात परदेशी सेवेसाठी शंभर विद्यार्थी पुढे आले, त्यामागे या तरुणाची खटपट होती. इतिहासात नाव रॉबर्टचे राहिले; त्याला धीर देणारी बहीण मात्र मागेच राहिली.

प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील (एल्डर) मिळून पाहतात, आणि घरभेट हे वडिलांचे कामच असते. भावकी सुटलेल्या घरांत हे वडील हळूहळू चुलत्यांच्या जागी आले. सोयरीक जुळवताना, मुलाचे शिक्षण ठरवताना, दोन घरांतला अबोला मिटवताना त्यांचा शब्द विचारला जाऊ लागला. यात जाच नव्हता असे नाही. चुलत्याचा अधिकार आला तसा चुलत्याचा हट्टही आला. तरीही आजारपणात रात्रभर उशाशी बसणारा आणि सकाळी ‘तू चुकतोयस’ असे स्पष्ट सांगणारा माणूस एकच असणे, ही त्या व्यवस्थेची कमाई होती.

आता मंडळीतली तरुण मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि वर्षातून नाताळला घरी येतात. नाताळच्या उपासनेनंतर आवारात जुनी माणसे त्यांना गाठतात, कोणाचा मुलगा ते विचारतात आणि बापाचे नाव ऐकताच हात हातात धरून ठेवतात. दहाव्या वचनातला बापाचा मित्र तो हाच.