एल्बो की सिलुएट? दोघं एकच गोष्ट विचारत नाहीत

के-मीन्स (डेटाचे के इतके गट, म्हणजे क्लस्टर, पाडणारी पद्धत) चालवताना के किती घ्यायचा इथे बरेच जण अडकतात, मग के ठरवायच्या एल्बो आणि सिलुएट या दोन्ही पद्धती वापरतात आणि एक ३ म्हणतो, दुसरा २ म्हणतो, की कोडमध्ये चूक शोधत बसतात. चूक नसते हो बहुतेक वेळा.

आयरिस फुलांचाच डेटा घ्या, संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये वापरलेला. १५० फुलं, ३ जाती, प्रत्येकी ५०, चार मापं सेंटीमीटरमध्ये.

एल्बोसाठी प्रत्येक फूल आपल्या क्लस्टरच्या केंद्रापासून किती लांब आहे ते बघायचं आणि त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करायची. के १ असताना ती साधारण ६८१ येते, २ ला १५२, ३ ला ७९, ४ ला ५७. के वाढवत नेला तर ती कमीच होणार, १५० क्लस्टर केले तर शून्य! म्हणून सगळ्यात लहान आकडा शोधायचाच नाही, घसरण कुठे मंदावते ते बघायचं, आलेखात तिथे कोपरासारखा (एल्बो) वाक दिसतो. आता वरच्या आकड्यांत कोपर २ वर आहे की ३ वर, सांगा बरं. दोन माणसं दोन उत्तरं देतील, म्हणून नुसत्या एल्बोवर के ठरवणं मला पटत नाही.

सिलुएट (१९८७, पीटर रूसेऊ) केंद्राकडे बघतच नाही. फुलाचं आपल्याच क्लस्टरमधल्या बाकी फुलांपासूनचं सरासरी अंतर काढायचं, मग सगळ्यात जवळच्या परक्या क्लस्टरपासूनचं, दुसऱ्यातून पहिलं वजा करून दोघांतल्या मोठ्याने भागायचं. उत्तर -१ ते १ मध्ये येतं आणि इथे मात्र जास्त तेवढं चांगलं. आयरिसला के २ असताना सरासरी ०.६८ येते, ३ ला ०.५५. म्हणजे सिलुएट २ म्हणतो, जाती ३ असूनही! कारण तीन जातींपैकी सेटोसा एकटी लांब पडते आणि व्हर्सिकलर-व्हर्जिनिका एकमेकींत मिसळलेल्या असतात. जाती किती हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं, ढीग किती वेगळे दिसतात एवढंच तो सांगतो.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, सिलुएट के १ साठी काढताच येत नाही, त्यामुळे डेटात गट नसलेच तरी तो कुठला तरी के पुढे करतोच. ती शंका असेल तर २००१ चं गॅप स्टॅटिस्टिक बघा, ते गट नसलेल्या रँडम डेटाशी तुलना करतं आणि १ असं उत्तरही देऊ शकतं.

आणि नुसत्या सरासरीवर थांबू नका, क्लस्टरप्रमाणे प्लॉट काढा. आयरिसला के ३ घेतला की सेटोसाची सरासरी ०.८० च्या आसपास दिसते, बाकी दोन क्लस्टरची ०.४० ते ०.४५, आणि त्यातली काही फुलं तर शून्याला टेकलेली, म्हणजे दोन क्लस्टरच्या सीमेवर.