गेटमधून आत शिरताना वाजणारं ते म्युझिक: डिस्नी पार्कमधल्या लूपची पार्श्वभूमी

डिस्नीच्या पार्कात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा काय आवडलं, तर किल्ला सांगतील, राइड सांगतील, रात्रीची आतषबाजी सांगतील, म्युझिकचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण त्याच माणसाला काही वर्षांनी फ्लोरिडातल्या एप्कॉटच्या गेटजवळचं किंवा कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडच्या मेन स्ट्रीटवरचं, म्हणजे गेटमधून शिरल्यावर लागणाऱ्या जुन्या गावाच्या रस्त्यावरचं म्युझिक नुसतं दोन मिनिटं ऐकवून बघा, आधी गप्प होतो आणि मग सुरूच होतो, की अरे इथे तर आपण पॉपकॉर्न घेतलं होतं, इथे बाबा बाकावर बसून राहिले होते आणि आई आपल्याला शोधत होती. मला हे फार थोर वाटतं, कारण हे संगीत कुणी मुद्दाम बसून ऐकावं म्हणून बनवलेलंच नव्हतं. भिंत, रंग, फरशी, दिवे, तसंच हे पण, पार्क बांधायचं सामान. आणि बांधकामाचं सामान म्हणून बनवलं म्हणूनच ते इतकं आत जाऊन बसलं असं माझं ठाम मत आहे.

त्याला एरिया म्युझिक म्हणतात, किंवा बीजीएम, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक, लूप. पार्कच्या प्रत्येक भागाचं वेगळं रेकॉर्डिंग असतं, ते झुडपांत, खांबांत, खोट्या खडकांत लपवलेल्या स्पीकरमधून दिवसभर वाजतं, संपलं की परत पहिल्यापासून.

सार्वजनिक जागेत असं सतत संगीत सोडायची कल्पना डिस्नीची नाही. अमेरिकन लष्करातला एक अधिकारी, जॉर्ज ओवेन स्क्वायर, त्याने तारेवरून संगीत पाठवायचं तंत्र शोधलं आणि त्यातून १९३४ मध्ये म्युझॅक नावाची कंपनी उभी राहिली, जी हॉटेलं, ऑफिसं, कारखाने यांना मंद आवाजातलं संगीत पुरवायची. पुढे त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे गट पाडले, गाण्यांची गती हळूहळू वाढवत न्यायची, मग थोडी शांतता, मग परत, का तर कामगारांचा उत्साह टिकावा आणि काम जास्त व्हावं. म्हणजे ते संगीत असं की आपण कुठे आहोत याचा विसर पडावा. डिस्नी पार्कात झालं ते बरोबर याच्या उलट, इथे संगीताचं कामच हे की तुम्ही कुठे आहात आणि कुठल्या काळात आहात ते तुम्हाला न सांगता कळावं.

१७ जुलै १९५५ ला ॲनाहाइममध्ये डिस्नीलँड सुरू झालं तेव्हा भर लाइव्ह वादकांवर होता. व्हेझी वॉकर नावाच्या बँडमास्तरला दोन आठवड्यांसाठी बोलावलं होतं आणि त्याचा डिस्नीलँड बँड तिथे कायमचाच झाला. पण बँड थकतो, जेवायला जातो, आणि एका वेळी एकाच चौकात वाजतो. बाकीची जागा रेकॉर्डिंगने भरायची होती, आणि ती नुसत्या गाण्यांनी नाही भरली. मेन स्ट्रीटच्या एका गल्लीत उभं राहिलं तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून दाताच्या डॉक्टरकडे आलेल्या पेशंटचे आवाज येतात. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या रेल्वे स्टेशनवर तारयंत्र टकटक करत असतं, लोकांना वाटतं उगाच काहीतरी टकटक, पण ते वॉल्ट डिस्नीच्या उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात जुन्या रेल्वेच्या तारेच्या लिपीत पाठवत असतं. कुणालाही कळणार नाही अशा ठिकाणी खरा मजकूर घालणं, या एका गोष्टीसाठी मी या लोकांना मनापासून मानते.

आता खरी अडचण सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे. आवाजाला दार नसतं. एका भागात जंगलाचे ढोल आणि शेजारी काउबॉयचं बँजो वाजत असेल तर मधे उभ्या माणसाला दोन्हींची खिचडी ऐकू येणार. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरसाठी डिस्नीने युनिसेफकरता, पेप्सीच्या पैशाने, एक बोटीची राइड केली, जगभरातल्या मुलांच्या बाहुल्या आणि मधून पाणी. पहिला विचार असा की प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापलं राष्ट्रगीत म्हणायचं. मॉडेल तयार झालं, सगळी राष्ट्रगीतं एकदम सुरू केली आणि जो गोंगाट झाला तो ऐकून वॉल्टने रिचर्ड आणि रॉबर्ट शर्मन या भावांना सांगितलं की एकच साधं गाणं करा, सगळ्यांनी तेच म्हणायचं. त्यांनी जे केलं ते वरवर अगदी बालिश वाटतं पण आतून फार हुशार आहे, कडवं आणि ध्रुवपद दोन्ही एकाच सुरावटीच्या चौकटीत बसवलेली, त्यामुळे एका खोलीत कडवं चालू असेल आणि पुढच्या खोलीत ध्रुवपद, तरी दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात. बोट कुठेही असो, मागचं आणि पुढचं मिळून गाणंच होतं. सुरुवातीला गाणं संथ होतं, वॉल्टला ते अजून आनंदी हवं होतं म्हणून वेग वाढवला. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ हे तेच गाणं, १९६६ मध्ये राइडसकट कॅलिफोर्नियाला आलं, आणि लोक त्याला डोक्यात अडकणारं गाणं म्हणून नावं ठेवतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण ते अडकतं ते त्या बांधणीमुळे.

१९६९ च्या हाँटेड मॅन्शन या भूतबंगल्याच्या राइडमध्ये बडी बेकर या संगीतकाराने हेच पुढे नेलं. गाणं एकच, शब्द एक्स अटेन्सिओ यांचे, पण शिरताना ऑर्गनवर मयताला वाजावं तसं संथ, नाचाच्या हॉलमध्ये त्याचंच वॉल्ट्झ, आणि शेवटी स्मशानात सगळी भुतं मिळून तेच गाणं धमाल म्हणतात. तुम्ही बाहेर पडता तोपर्यंत चाल पाठ झालेली असते आणि शिकवलं कधी तेच कळत नाही.

हे सगळं टेपवर चालायचं. टेपची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची आणि तो लांबलचक वेटोळा रिळावर न गुंडाळता एका अरुंद पेटीत सैल सोडायचा, यंत्र एका बाजूने टेप ओढणार आणि दुसऱ्या बाजूने परत पेटीत टाकणार, त्यामुळे मागे गुंडाळायची भानगडच नाही. सकाळी चालू केलं की रात्रीपर्यंत.

या सगळ्यात एक माणूस असा की ज्याचं नाव बाहेर फार थोड्यांना माहीत आहे, जॅक वॅग्नर. मूळचा रेडिओवरचा. मोनोरेलच्या दाराजवळ इंग्लिशमध्ये आणि लगेच स्पॅनिशमध्ये दारापासून लांब उभं राहायला सांगणारा तो आवाज त्याचाच, आणि १९७० च्या दशकात कुठल्या भागात काय वाजणार हे ठरवून जोडायचं कामही मुख्यतः त्याच्याकडे होतं. ॲनाहाइमला राहत्या घरात त्याचा स्टुडिओ. दरवेळी नवीन संगीत करून घेणं परवडत नाही, म्हणून तो बाजारातल्या रेकॉर्ड आणि तयार संगीताच्या लायब्रऱ्यांमधून तुकडे निवडायचा, एकापुढे एक लावायचा. निवडणाऱ्याचा कान काय असतो ते इथे कळतं. दुसऱ्या कुणी कुठल्या तरी वेगळ्याच कामासाठी वाजवलेला तुकडा, पण या माणसाने तो एका चौकात लावला आणि तो त्या चौकाचाच झाला.

अशाच उचललेल्या तुकड्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड, १७ जून १९७२ पासून. रात्रीची मिरवणूक, हजारो लुकलुकणाऱ्या दिव्यांचे फ्लोट, म्हणजे सजवलेल्या गाड्या, आणि खाली सिंथेसायझरची ती उड्या मारणारी धून. ती डिस्नीची नाहीच, फ्रान्सचा जाँ-जाक पेरे आणि गेर्शॉन किंग्सली या दोघांनी १९६७ मध्ये केलेला ‘बरोक होडाउन’ हा तुकडा, मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, तेव्हा नवीन होतं. पेरेला आपली धून रोज रात्री पार्कात वाजते हे बऱ्याच वर्षांनी कळलं! पहिली जुळणी जिम क्रिस्टेन्सन आणि पॉल बीव्हर यांची, १९७७ मध्ये डॉन डॉर्सीने ती नव्याने बांधली. बांधणी अशी की मूळ धून सगळीकडे एकाच ठेक्यात चालू आणि प्रत्येक फ्लोटचं आपलं गाणं तिच्यावर रचलेलं, सिंड्रेलाचा फ्लोट समोर आला की त्याची चाल वर येणार, तो पुढे गेला की पुढच्याची, पण पायाखालचा ताल एकदाही तुटत नाही. स्मॉल वर्ल्डमध्ये बोट हलते, इथे माणूस उभा आणि गाणी हलतात. उत्तर मात्र तेच.

आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि त्याची टीव्हीवरची जिंगल आपल्या पिढीला अजून पाठ आहे, पण ती जाहिरात होती, लक्ष वेधायलाच केलेली. लूपचं काम वेगळं, त्याच्याकडे तुमचं लक्ष गेलं तर कुठेतरी चुकलं समजायचं.

आणि मग एप्कॉट. १ ऑक्टोबर १९८२. इथे किल्ला नाही, परीकथा नाहीत, अर्ध्या भागात विज्ञान आणि भविष्य, अर्ध्यात देशोदेशीची दालनं. भविष्याचं संगीत कसं असतं? जुन्या जमान्याचं गाव उभं करायचं तर जुन्या चाली मिळतात, भविष्याच्या कुठून आणणार. त्यांनी बहुतेक दालनांसाठी स्वतंत्र गाणी लिहून घेतली, बॉब मोलिन, शर्मन बंधू, बडी बेकर, जॉर्ज विल्किन्स असे लोक, ऊर्जेचं गाणं, शेतीचं गाणं, कल्पनाशक्तीचं गाणं. अमेरिकेच्या दालनाच्या संगीतासाठी तर फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा. आणि या गाण्यांच्या चाली ऑर्केस्ट्रावर गुंफून केलेला मेडले गेटजवळ वाजायचा, म्हणजे आत शिरता शिरताच आज काय काय बघणार ते कानावर पडायचं, आणि निघताना तेच ऐकलं की आज काय काय बघितलं ते. एकाच रेकॉर्डिंगची सकाळी एक आणि रात्री दुसरी गोष्ट, याहून सुंदर योजना मला माहीत नाही.

हे टिकलं नाही. १९९० च्या दशकात दालनं बदलायला लागली, मधल्या चौकातल्या कम्युनिकोर या प्रदर्शनाच्या जागी १९९४ मध्ये इनोव्हेन्शन्स आलं आणि त्या चौकात न्यू एज वळणाचं, लांब सुरांचं, हवेत तरंगणारं संगीत आलं. जुन्या लोकांना तेव्हा ते परकं वाटलं. पण त्या दशकात लहान असलेल्यांसाठी एप्कॉट म्हणजे तेच. होरायझन्स हे दालन १९९९ मध्ये बंद झालं, पाडलं गेलं, आणि त्याचं गाणं पार्कातून बेघर झालं. अलीकडच्या नूतनीकरणात इस्तंबूलला जन्मलेल्या पिनार टोप्राक या संगीतकाराने एप्कॉटसाठी नवीन थीम केली आहे, चांगली आहे, आजची मुलं वीस वर्षांनी तिच्यासाठी हळवी होतील यात मला शंका नाही.

असं का होतं याचं थोडं उत्तर मानसशास्त्रात आहे. रॉबर्ट झायॉन्सने १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते, समजून घ्यायची गरज नाही. आणि २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या पेटर जनाता यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणीची गाणी ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले, तर कपाळामागचा जो भाग आपल्या स्वतःच्या आठवणींशी जोडलेला आहे तोच जागा झालेला दिसला. आता लूपचं बघा, रेडिओवरचं गाणं आपण लग्नात, रिक्षात, दुकानात, सगळीकडे ऐकतो त्यामुळे त्याची आठवण वाटली जाते. लूप एकाच जागेत वाजतो. तो दुसऱ्या कशाशी जोडला जायला वावच नाही.

पण बांधकामाचं सामान मानलं की ते बदलतानाही तसंच बदललं जातं, जुना रंग खरवडून नवीन द्यावा तसं, कुणी निरोप देत नाही. रेकॉर्डवर निघालेली गाणी उरली, लूप बहुतेक उरले ते ऐकणाऱ्यांमुळे. लोकांनी झुडपाजवळ रेकॉर्डर धरून, मधे येणारी लहान मुलांची रडारड सहन करत ते टिपले, मग प्रत्येक तुकडा मूळ कुठल्या रेकॉर्डवरचा ते वर्षानुवर्षं शोधलं, मूळ रेकॉर्ड मिळवून त्याच क्रमाने, तितक्याच अंतराने परत जोडले. हे काम मला एखाद्या हस्तलिखिताच्या संपादनाइतकं मोठं वाटतं. जुने लूप सरळ अल्बम म्हणून काढणं अवघड, कारण पार्कात वाजवायचा हक्क वेगळा आणि विकायचा वेगळा, आणि एका लूपमध्ये कितीतरी वेगवेगळ्या मालकांचे तुकडे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेतले पार्क बंद झाले, डिस्नीलँड तर ३० एप्रिल २०२१ पर्यंत. त्या काळात घरी बसून हे तासभराचे लूप लावून काम करणारे किती तरी लोक होते, मी त्यातलीच एक, आणि ती सवय अजून आहे. सुरुवात करायची असेल तर थेट एप्कॉटचा १९८२ चा गेटचा मेडले घ्या, हेडफोन नको, खोलीच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवा, आवाज कमी, आणि दुसरं काहीतरी काम करत राहा.