दडा बसलेला कान आणि नस कमजोर झालेला कान

जळगाव, धुळे, शिरपूरच्या धावपट्ट्यांवर विमान शिकायचं ठरवणाऱ्यांनी मेडिकलआधी, म्हणजे वैमानिकाच्या आरोग्य तपासणीआधी, एक गोष्ट नीट समजून घ्यावी. "कान जड झालाय, मळ काढला की मोकळा होईल" हे दर वेळी खरं नसतं.

दडा बसतो तेव्हा आवाज आत पोचतच नाही. कानात मळ असतो, पडद्याला भोक असतं, पडद्यामागे पाणी साचलेलं असतं किंवा सर्दीने नाकामागची नळी बंद झालेली असते. यातलं बहुतेक दुरुस्त होतं. नस कमजोर झाली असेल तर आवाज आत पोचतो, पण कानाच्या आतल्या शंखासारख्या भागातल्या पेशी किंवा नस तो पुढे नेत नाही. कापसाच्या जिनिंगच्या यंत्राशेजारी किंवा डीजेच्या भिंतीपुढे मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

फरक घरीच जाणवतो. उजव्या कानात बोट घालून तोंड मिटून 'म्‌म्‌म्' करा. आवाज उजवीकडेच घुमतो, म्हणजे बंद केलेल्या कानात. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (आवाज देणारा धातूचा चिमटा) कपाळाच्या मध्यावर टेकवतात, त्यामागे हेच तत्त्व. एकच कान बिघडला असेल, तर दड्यात आवाज त्या बिघडलेल्या कानाकडे जातो आणि नस कमजोर असेल तर चांगल्या कानाकडे.

ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख; खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. त्यावर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. या हवेतून ऐकण्याच्या खुणा. हाडातून ऐकण्याच्या खुणा कंसासारख्या. कंस वर आणि गोल खाली असेल तर दडा. दोन्ही सोबतच घसरले तर नस.

आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, निकषानुसार क्लास वनला (व्यावसायिक वैमानिकाच्या मेडिकलला) प्रत्येक कानाची वेगळी मोजणी होते. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला घट ३५ डेसिबलपेक्षा जास्त नको, ३००० ला ५० पेक्षा जास्त नको. मोठ्या आवाजाचा मार आधी ४००० च्या आसपास खड्डा पाडतो. नुसत्या त्या खड्ड्याने या आकड्यांत कोणी अडकत नाही, पण आवाजात राहणं सुरूच ठेवलं तर तो ३००० कडे पसरतो. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तर वरात, हेडफोन, जिनिंग सगळं टाळा. थकलेला कान आकडे बिघडवतो.

नळी बंद असेल तर आकडे चांगले येऊनही भागत नाही. विमान वर जाताना कानातली हवा आपोआप सुटते. उतरताना मात्र ती नळीतून आत घ्यावी लागते, त्यासाठी घोट गिळावा लागतो किंवा नाक दाबून हलकं फुंकावं लागतं. नळी उघडलीच नाही तर पडदा आत ओढला जातो, कळ येते, कधी चक्कर. सर्दी असेल तर तपासणीची तारीख पुढे ढकला.

मळ आठवडाभर आधी डॉक्टरांकडूनच काढून घ्या. इअरबडने तो आत ठासला जातो. लसूण कढवलेलं तेल तर नकोच; पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं.

आणि एका रात्रीत एका कानाचं ऐकणं गेलं, तर मळ समजून चार दिवस थांबू नका. नस अचानक गेलेली असू शकते. त्यावरचे स्टेरॉइड जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.