सरासरीत न मावणारं दुःख

कोविडच्या साथीनं जगाचं मानसिक आरोग्य किती बिघडवलं, या प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली आणि ती एकमेकांना छेद देणारी वाटतात. ऑक्टोबर 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज आला. 2020 या एकाच वर्षात साथीमुळे जगभरात तीव्र नैराश्याचे सुमारे 5 कोटी 32 लाख आणि चिंताविकाराचे 7 कोटी 62 लाख रुग्ण वाढले. दोन्हींतली वाढ पंचवीस टक्क्यांहून अधिक. मग मार्च 2023 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं 134 अभ्यासगटांचा आढावा छापला. साथीच्या आधीची आणि साथीतली स्थिती ताडून पाहिल्यावर त्यात दिसलं ते असं: सर्वसाधारण लोकांमधली चिंता वाढलेली नाही, नैराश्य वाढलं ते किंचित.

‘म्हणजे उगाच बाऊ केला का?’ असं हा आढावा वाचून कुणालाही वाटेल. मला तसं वाटत नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात आणि ते कसं, हे समजून घेणं फार गरजेचं आहे.

नदीचं पाणी वीतभर चढलं, तर उंचावरच्या घरांना पत्ताही लागत नाही. काठावरच्या घरात मात्र ते उंबरा ओलांडतं. मनाचंही तसंच. आजाराचं निदान होतं ते त्रास एका ठरावीक रेषेपलीकडे गेल्यावर. साथीआधी त्या रेषेला टेकलेली माणसं पुष्कळ होती. सगळ्या समाजाचा ताण जरासाच वाढला, तरी ही काठावरची माणसं पलीकडे जातात. ‘लॅन्सेट’च्या अंदाजानुसार साथ आली नसती तर हजारात साधारण 25 जणांना तीव्र नैराश्य असतं, साथीमुळे ते 32 च्या आसपास गेलं. उरलेल्या 968 जणांसह सरासरी काढा, फरक जेमतेम दिसेल. त्या सात जणांच्या घरात मात्र सगळं उलटंपालटं झालेलं असतं.

काठावर कोण होतं? दोन्ही अभ्यासांत स्त्रियांवरचा परिणाम पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. शाळा बंद, आजारी माणसं घरात, त्यांची उस्तवार बाईकडे, आणि नोकरी गेली तर ती बहुधा आधी तिची. घरात मारहाण होत असेल तर टाळेबंदीत बाहेर पडायची वाटही बंद. तरुणांचे हाल झाले ते वेगळ्या कारणानं. ज्या वयात माणूस घराबाहेर स्वतःला शोधतो, त्याच वयात दारं लागली. आणि नेमक्या याच काळात उपचारही आटले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये 130 देशांची पाहणी केली, तेव्हा 93 टक्के देशांत मानसिक आरोग्याची एक ना एक सेवा खंडित झालेली होती.

या सगळ्यात शोकाचं काय झालं, याची चर्चा मला फार अपुरी वाटते. अमेरिकेतल्या नातेसंबंधांची आकडेमोड करून संशोधकांनी 2020 मध्येच दाखवलं होतं, की कोविडनं गेलेल्या प्रत्येक माणसामागे जवळची सुमारे नऊ नाती पोरकी होतात. त्यांतल्या कितीतरी जणांना शेवटचा हात हातात घेता आला नाही, अंत्यदर्शन झालं नाही, गळ्यात पडून रडायला चार माणसं जमली नाहीत. हे विधी म्हणजे नुसती औपचारिकता नसते. ‘माणूस गेला’ हे मनाला पटवून देण्याचं काम ते करतात. ते न झाल्यावर दुःख अडकून पडण्याची भीती असते. निकटचं माणूस जाऊन सहा महिने उलटले, तरी त्या माणसाची तीव्र ओढ रोजचं जगणं अशक्य करत असेल, तर त्याला आता प्रदीर्घ शोकाचा विकार म्हणतात. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे.

साथ ओसरल्यावरही तिचा मनावरचा परिणाम चालू राहतो, याचा पुरावा शंभर वर्षं जुना आहे. नॉर्वेतल्या मनोरुग्णालयांच्या 1872 ते 1929 या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या आहेत. इन्फ्लुएंझामुळे मन बिघडलं अशी नोंद होऊन पहिल्यांदाच दाखल झालेल्या रुग्णांची संख्या 1918 च्या इन्फ्लुएंझा साथीनंतरच्या सहा वर्षांत दरसाल सरासरी 7.2 पटीनं वाढली.