धारदार निगेटिव्हसाठी डेव्हलपर कोणता?

कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्याला निगेटिव्ह अधिक रेखीव हवी असली की तो बहुधा बारीक कण (चित्र घडवणारे चांदीचे ठिपके) देणारा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, शोधू लागतो आणि तिथेच फसतो. कारण कण बारीक असणे वेगळे आणि कडा धारदार दिसणे वेगळे, आणि पुष्कळदा एक साधताना दुसरे हातचे जाते.

कोडॅकचा डी-७६ पाहा. त्याच्या एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, पण सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम असते. सल्फाइट डेव्हलपरला हवेपासून जपते खरे, मात्र इतक्या प्रमाणात ते फिल्मवरचे प्रकाशसंवेदनशील सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिकही थोडे विरघळवते. त्यामुळे कण मऊ दिसतात आणि त्यांच्याबरोबर कडाही. त्यात तेवढेच पाणी मिसळले की सल्फाइट ५० ग्रॅमवर येते, धुण्याचा वेळ वाढतो आणि कडा सावरतात.

याच्या दुसऱ्या टोकाला १८९१ मध्ये पेटंट झालेला रोडिनाल हा डेव्हलपर आहे. एका भागाला ५० भाग पाणी घातल्यावर त्यात सल्फाइट नाममात्र उरते, म्हणून कण लपत नाहीत.

शिवाय पातळ डेव्हलपर लवकर थकतो, आणि खरी गंमत त्या थकण्यातच आहे. उजळ आकाशाला टेकलेली काळोखी कौलारू कड डोळ्यांसमोर आणा. निगेटिव्हवर आकाश गडद उमटते, म्हणून तिथला डेव्हलपर झपाट्याने संपतो आणि या क्रियेतून सुटणारे, तिलाच मंदावणारे ब्रोमाइड साचते. शेजारच्या कौलांवरचा ताजा डेव्हलपर सीमा ओलांडून आकाशाची कड आणखी गडद करतो, तर उलट सरकलेले ब्रोमाइड कौलांची कड फिकी ठेवते. भिंगाखाली सीमेच्या दोन्ही अंगांना केसाएवढ्या रेषा दिसतात, त्यांना मॅकी रेषा म्हणतात. तपशील तेवढाच असतो, तरी डोळ्याला चित्र धारदार वाटते.

फिल्म धुण्याची टाकी सारखी हलवत राहिल्यास ही देवाणघेवाण मोडते, म्हणून ती दर मिनिटाला एक-दोनदाच, हलक्या हाताने उलटवावी; अजिबात न हलवण्याचा हट्ट मात्र नको, कारण त्याने आकाशात पट्टे उमटण्याची भीती असते.

संथ, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील अशा ५० किंवा १०० आयएसओच्या फिल्मला मी रोडिनालच निवडेन. ४०० च्या फिल्मला त्यात कण फार बोचतात, तिथे तेवढेच पाणी घातलेला डी-७६ बरा.